पिढ्यांचे चक्र आणि भाकिते

इतिहासाला ऋतू असतात काय? विल्यम स्ट्रॉस व नील हाऊ या अमेरिकन लेखकांचे उत्तर ‘होय’ असे आहे. ‘द फोर्थ टर्निंग’ (१९९७) या ग्रंथात ते म्हणतात की, सुमारे वीस वर्षांची एक अशा चार पिढ्या सरल्या की मोठे संकट येते व समाजाची जुनी घडी मोडते. १७७६ चे स्वातंत्र्य, १८६१ चे यादवी युद्ध, १९४१ चा महायुद्धप्रवेश. अंतरे ८५ व ८० वर्षांची. पुढील संकट २००५ च्या सुमारास, हे त्यांचे भाकीत. २००८ साली आर्थिक अरिष्ट आले आणि अनेकांना ते खरे वाटले.

मलाही क्षणभर वाटले. परंतु यादवी युद्धाच्या चक्रात तीनच पिढ्या भरतात. चौथी तेथे घडलीच नाही, असे लेखकच सांगतात! गणित जुळेना म्हणून एक पिढीच गाळायची? शिवाय त्या युद्धाच्या वेळी अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. मालकाचा मुलगा व गुलामाचा मुलगा एकाच वर्षी जन्मले, एवढ्याने त्यांची पिढी एक कशी होते? माझ्या बाकावरील मित्राचे आजोबा पदवीधर. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. जन्मसाल मात्र आम्हा दोघांचे एकच आहे.