युद्धांत जखमी झालेल्या बालकांची शुश्रूषा

शरीरशास्त्रांतील रक्ताभिसरणाचा धडा आपण बहुधा परीक्षेपुरता पाठ करतों. त्यांतील एक आकडा मात्र युद्धप्रदेशांतील वैद्यास क्षणोक्षणीं आठवावा लागतो. बालकाच्या शरीरांत दर किलोग्रॅम वजनामागें सुमारें ८० मिलिलिटर रक्त असतें; म्हणजे १० किलोग्रॅम वजनाच्या मुलाजवळ अवघें ८०० मिलिलिटर. जखमेंतून पेलाभर रक्त गेलें तर धडधाकट शिपाई तें सहन करितो. या मुलाच्या रक्ताचा मात्र चौथा हिस्सा गेलेला असतो.

म्हणून पहिलें काम रक्त थांबविण्याचें. जखमेवर हातानें घट्ट दाब द्यावा, खोल जखमेंत स्वच्छ कापड ठांसून भरावें. हातापायास आवळावयाचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असला, तर तान्ह्या मुलाच्या बारीक दंडावर तो पुरता आवळला जात नाहीं. तेथें हाताचा दाबच खरा.

पुढील अडचण फसवी आहे. रक्त जाऊं लागलें कीं मुलाचें हृदय जलद चालतें, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि रक्तदाब बराच वेळ जवळजवळ प्रकृत राहतो. मग तो एकाएकीं कोसळतो. रक्तदाबाच्या आंकड्यावर विसंबणारा वैद्य येथें हटकून फसावयाचा! नाडीचा वेग, हातापायांचा गारवा, नख दाबून सोडल्यावर लाली परत येण्यास लागणारा वेळ, आणि मूल ओळखीच्या आवाजाकडे वळतें कीं नाहीं, ह्या खुणा अधिक विश्वासाच्या. शिर सांपडत नसेल तर गुडघ्याखालील नडगीच्या हाडांत सुई घालून मज्जेच्या वाटेनें रक्त वा औषध देतां येतें.

मुलाच्या बरगड्या लवचीक असतात. त्यामुळें स्फोटाच्या धक्क्यानें बरगडी न मोडतांही आंतील फुप्फुस चेंगरलेलें असूं शकतें. वजनाच्या मानानें त्वचेचें क्षेत्रफळ मोठें, म्हणून तें लवकर गारठतें. आणि गारठलेल्या शरीरांत रक्त नीट गोठत नाहीं. साधी कांबळीही तेथें औषधच होय.

हें ज्ञान नवें नाहीं, पण तें बालरोगतज्ज्ञांजवळ होतें. युद्धांतील शस्त्रवैद्य शिकले ते मुख्यतः सैनिकांच्या जखमांवर. सीरियांत २०११ सालीं युद्ध पेटल्यावर तेथील कांहीं वैद्यांनीं ही उणीव बोलून दाखविली. पुढें ‘सेव्ह द चिल्ड्रेन’ ही संस्था व लंडनचें इंपीरिअल कॉलेज यांच्या सहकार्यानें बालकांच्या स्फोटजन्य जखमांवरील एक हस्तपुस्तिका तयार होऊन २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. मुलांच्या चिकित्सेचा फारसा अनुभव नसलेल्या वैद्याच्या हातीं ती पडावी, हा हेतु.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी काम संपत नाहीं. पाय कापावा लागलेल्या मुलाचें हाड वाढतच राहतें, कधीं कातडीवर आंतून टोंचूं लागतें, आणि पुनः शस्त्रक्रिया करावी लागते. वाढत्या अंगाबरोबर कृत्रिम पायही वरचेवर बदलावा लागतो. तो कोणी बदलावयाचा?

गाझामध्यें २०२३ च्या ऑक्टोबरानंतर रुग्णालयांतील वैद्यांना कांहीं मुलांच्या नोंदीसाठीं एक नवी संज्ञाच योजावी लागली: ‘जखमी बालक, कुटुंबांतील कोणी हयात नाहीं.’ अशा मुलाचें नांव, वय, पूर्वीचा आजार, कोणतें औषध सोसत नाहीं, हें सांगणारें जवळ कोणी नसतें. आणि मूल अद्याप बोलावयास शिकलेलें नसेल, तर नोंदवहींत नांवाची जागा कोरीच राहते.