द्राक्षांवरील केवडा व प्रतिबंधक फवारणीची वेळ

नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे ह्या जिल्ह्यांतील द्राक्षबागाईतदारांस केवडा हा रोग नव्यानें सांगावयास नको. ज्यास हल्लीं बहुतेक ठिकाणीं ‘डाऊनी’ म्हणतात तोच हा रोग होय. सन २००९ च्या नोव्हेंबरांत ‘फयान’ चक्रीवादळाच्या सुमारास अवेळीं पाऊस पडला, तेव्हां ऐन फुलोऱ्यांतील घड ह्या रोगानें काळे पडून वाळले व पुष्कळ बागाईतदारांचें वर्षाचें उत्पन्न थोड्या दिवसांत हातचें गेलें. अशा प्रसंगीं औषध मारलेंच नाहीं असें सहसा होत नाहीं. पण तें रोग डोळ्यांस दिसल्यावर मारलें जातें. म्हणून प्रतिबंधक औषधें काम कसें करतात व त्यांस वेळेचें बंधन कां आहे, ह्याचा विचार येथें आम्ही करणार आहों.

ह्या औषधांचा शोध लागला त्या हकिकतींतच त्यांचें मर्म आहे. केवडा हा मूळचा अमेरिकेंतील रोग. फ्रान्समध्यें तो सन १८७८ मध्यें प्रथम दिसला. सन १८८२ मध्यें बोर्डोजवळील मेदॉक प्रांतांत मिलार्दे नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास असें आढळलें कीं, इतर वेलींचीं पानें रोगानें गळून गेलीं असतां रस्त्याच्या कडेच्या वेलींवर मात्र तीं शाबूत होतीं. वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून मालकांनीं त्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडला होता. पुढें प्रयोग करून मिलार्देनें सन १८८५ मध्यें हें मिश्रण प्रसिद्ध केलें, व त्यास बोर्डो मिश्रण हें नांव पडलें. त्या वेली वांचल्या ह्याचें कारण, चोरांच्या भयानें कां होईना, औषध त्यांच्या पानांवर रोगाच्या आधींच पोंचलें होतें.

आतां रोगाची रीत पाहूं. केवड्याचा जंतु पाण्यांत वाढणाऱ्या बुरशीसारख्या वर्गांतील आहे. त्याचें बीज वारा व पावसाचे थेंब ह्यांबरोबर पानावर येऊन पडतें. पान कांहीं तास ओलें राहिलें म्हणजे त्या बीजांतून अतिसूक्ष्म पोहणारे कण बाहेर पडतात, पाण्याच्या पातळ थरांतून पानाच्या छिद्रांपर्यंत पोंचतात व तेथून आंत शिरतात. हीं छिद्रें पानाच्या खालच्या बाजूस असतात. आंत शिरल्यावर अनुकूल हवेंत सुमारें ५ ते ७ दिवस, व थंडींत त्याहून अधिक, बाहेरून कांहींच दिसत नाहीं. मग पानावर तेलकट पिवळा डाग उमटतो व दमट रात्रीं त्याखालीं पांढरी लव येते. त्या लवेंतील बीज पुढील पानांवर व घडांवर जातें.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मोरचुदाचें मिश्रण किंवा मँकोझेब हीं औषधें पानाच्या पृष्ठभागावर राहून तेथें येणाऱ्या बीजास मारतात. पानाच्या आंत गेलेल्या जंतूस तीं पोंचत नाहींत. आज दिसणारा डाग हा आठवड्यापूर्वींच्या ओलाव्याचा परिणाम आहे. त्यावर कितीही दाट फवारा मारला तरी तो डाग बरा व्हावयाचा नाहीं. सबब फवारणी पावसाच्या व दंवाच्या आधीं करावी, आणि औषध वाळण्यास अवधि मिळेल अशी वेळ साधावी.

ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा फुटल्यापासून मणी धरेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो. ह्या काळांत वेलीवर नवीं पानें सारखीं येत असतात, व कालच्या फवारणीनें आज उमललेलें पान झांकलें जात नाहीं. म्हणून केवळ दिवस मोजून भागत नाहीं. नवी वाढ, हवेचा अंदाज व पावसानें धुपलेलें औषध हीं तिन्ही पाहून पुढची फवारणी ठरवावी. फवारा पानांच्या खालच्या बाजूस व घडाच्या आंतपर्यंत पोंचला पाहिजे. दाटी झालेल्या फुटी वेळींच विरळ केल्यास हें साधतें व वेल लवकर सुकते.

शेंकडा १ प्रमाणाचें बोर्डो मिश्रण असें करावें: १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यांत विरघळवावा. १ किलो चांगली चुनकळी विरवून, गाळून, तिचें ५० लिटर पाणी करावें. नंतर मोरचुदाचें पाणी चुन्याच्या पाण्यांत ढवळत ओतावें. भांडीं लाकडी, मातीचीं किंवा प्लॅस्टिकचीं असावींत, लोखंडाचीं नकोत. मिश्रणांत घासलेलें चाकूचें पातें मिनिटभर धरावें. त्यावर तांबूस थर आल्यास मोरचूद मोकळा राहिला आहे असें समजून आणखी चुन्याचें पाणी घालावें, नाहींतर पानें करपतात. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. कोंवळ्या फुटीवर निम्म्या शक्तीचें वापरावें व फुलोऱ्यांत तांब्याचें औषध टाळावें.

पानाच्या आंत शिरणारीं मेटॅलॅक्सिलसारखीं नवीं औषधें हल्लीं मिळतात व रोग नुकताच शिरला असतां त्यांचा उपयोग होतो. परंतु तेंच औषध वारंवार वापरल्यास जंतु त्यास दाद देईनासा होतो. युरोपांत असा अनुभव आला आहे. तांब्याच्या औषधांस मात्र हा रोग शतकाहून अधिक काळ सरावला नाहीं. तरी तांबें जमिनींत साठतें, म्हणून तेंही बेतानेंच वापरावें. परदेशीं माल धाडणारांनीं प्रत्येक औषधाची काढणीपूर्वींची मुदत पाळावी व मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सूचना पाहाव्या. मँकोझेबची मान्यता युरोपीय संघानें सन २०२० मध्यें काढून घेतली, हें त्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

रोगट पानें व छाटलेल्या काड्या बागेंत कुजूं देऊं नयेत. आमच्या सभासदांनीं छाटणीचा दिवस ठरवितांनाच मोरचूद, चुना व फवारणीचें यंत्र ह्यांची तयारी करावी. आभाळ आल्यावर दुकानाकडे धांवणारास पाऊस थांबून राहत नाहीं. औषधाचा खर्च दोन्ही वेळीं सारखाच येतो; आधीं केला तर पीक वांचतें, मागून केला तर पीकही जातें व खर्चही अंगावर पडतो.