हलालबरोबर तय्यबही : समुद्राची मासळी आणि तांबडे मांस



शिवाजी पार्कच्या मैदानाभोवती रोज फेऱ्या मारणाऱ्या एका बुजुर्गांनी मला विचारले, "मौलाना, डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितले. म्हणून दादरच्या बाजारातून रोज मासळी आणतो. सून गरोदर आहे, तिला मुशी देतो. समुद्रातला मासा हलाल, शिवाय निसर्गात वाढलेला. मग काळजी कसली?"

प्रश्न रास्त आहे. परंतु यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. दिव्य कुरआनने (२:१६८) अन्नाला दोन विशेषणे लावली आहेत : हलाल, म्हणजे शरीअतने अनुमत केलेले आणि तय्यब, म्हणजे शुद्ध व हितकर. समुद्राची शिकार हलाल आहे (५:९६), यात शंका नाही. मात्र समुद्रातील मांसाला कुरआनने (१६:१४) 'ताजे' म्हटले आहे, याकडेही लक्ष द्यावे.

प्रथम मांसाचा विचार करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये तांबडे मांस 'बहुधा कर्करोगकारक' ठरविले. सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस तर निश्चित कर्करोगकारक. तांबडे मांस म्हणजे केवळ म्हशीचे नव्हे. बकऱ्याचे मटणही त्यातच येते. शिजवलेले तांबडे मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. म्हणजेच डॉक्टरांचे म्हणणे योग्य होते.

मग मासळी? बांगडा, तारली यांतील स्निग्धांश हृदयाला हितकर आहे. पण समुद्रात वाढलेला मासा समुद्रातले विषही सोबत आणतो. पाण्यातील पारा लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत साठत जातो. म्हणून मुशीसारख्या माशात तो अधिक असतो आणि शिजवून जात नाही. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये हा रोग उघडकीस आला. तेथे स्वतः फारशी लक्षणे नसलेल्या मातांच्या पोटीही मेंदूला इजा झालेली बालके जन्मली. तेथील प्रदूषण भयंकर होते, आपल्या ताटाशी त्याची बरोबरी नाही. तथापि गर्भातील मेंदू किती नाजूक असतो, हा धडा त्यातून मिळतो.

दुसरा धोका शिळेपणाचा. बांगडा, सुरमई, कुपा बर्फाविना उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होते. तेही शिजवून नष्ट होत नाही. तिसरा धोका कालवे, तिसऱ्या यांचा. आपल्या शाफई मसलकात त्या हलाल आहेत. पण त्या पाणी गाळून जगतात. मिठी नदीचे सांडपाणी माहीमच्या उपसागरात येते. अशा पाण्यातील शिंपल्या तय्यब कशा म्हणाव्यात?

इजा करू नये, इजा सोसू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण फिकहचा पायाभूत नियम बनली आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे; पोटातले मूल तर दुहेरी अमानत.

म्हणून मी त्या बुजुर्गांना सांगितले : मासळी जरूर खा, पण लहान आणि ताजी. कल्ले लालसर, डोळे स्वच्छ, अंग घट्ट असेल तीच घ्या. मटण कधीमधी, बेताने. सुनेला मुशीऐवजी ताजे बोंबील, मांदेली, बांगडा नीट शिजवून द्या आणि तिच्या डॉक्टरांनाही विचारा.

अल्लाह आपल्या घराघरांतील ताटात हलालबरोबर तय्यबही देवो. आमीन.