मलम कशाचं, ते आधी विचारा

‘मूळव्याध, भगंदर, फिशर. विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज.’ आमच्या वाशीम जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या आसपास असा फलक हमखास दिसतो. तिन्ही आजार वेगळे, तिन्हींचे उपचार वेगळे. तरी आत गेलं की सगळ्यांच्या हातात एकच डबी ठेवतात. त्या डबीपायी मी जे भोगलं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्या बाळंतपणानंतर शौचाला कडक होऊ लागलं, मग रक्ताची रेघ दिसली, मग दुखणं सुरू झालं. जाऊन आलं की आत काचेचा तुकडा अडकल्यासारखं तास-दोन तास ठणकायचं. वर्गात खुर्चीवर टेकायची सोय नव्हती. सासूबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनीच तो माणूस सुचवला.

त्याने तपासलं ते दार अर्धवट उघडं ठेवून. बाहेर बाकावर पुरुष बसलेले. एक नजर टाकली न टाकली तोच म्हणाला, “ताई, हा कोंब हाय. मूळव्याधच हाय. मलम लावा, नाही जमलं तं सुई मारतो, गळून जाईन.” पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत पिवळसर मलम. डबीवर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. यात काय आहे, असं विचारलं तर म्हणे, “ते आमचं घरचं हाय, सांगत नसतात.” पैसे मात्र आधी घेतले. लावलं की थोडा वेळ बधिर व्हायचं, सकाळी पुन्हा तेच. डबी संपली की नवी डबी. पुढे कातडी हुळहुळी होऊन आग व्हायला लागली, तेव्हा मलाच म्हणाला, “तुम्ही पथ्य पाळत नसान.” तेल, तिखट, वांगं सोडून मी वरणभातावर आले होते. ते वाक्य मी विसरणार नाही.

शिकलेली बाई, मास्तरीण, अशा ठिकाणी गेलीच कशी, हे नंतर घरच्यांनीही ऐकवलं. लाजेचं दुखणं घेऊन बाई जवळपासच जाणार, आणि गावच्या आरोग्य केंद्रात सर्जन नसतो. यात मी माझा दोष मानत नाही. धड न बघता रोगाचं नाव ठोकून देणाऱ्याचा तो दोष आहे.

अकोल्याच्या सरकारी रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत डॉक्टर मॅडमनी पडदा ओढला, नर्सला शेजारी उभं केलं. बोट घातलंच नाही. कडा हलक्या हाताने फाकवून बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाल्या, “मूळव्याध नाही ही. चीर आहे, फिशर. जुनी झाली आहे.” तो ज्याला कोंब म्हणत होता, ती चिरेच्या बाहेरच्या टोकाशी वाढलेली कातडी होती. चीर महिना-दोन महिने भरली नाही की अशी कातडी वाढते. मी डबी दाखवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली; बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड असावं, असा त्यांचा अंदाज. सुईचं सांगितलं तर म्हणाल्या, “नाही मारून घेतली तेच बरं झालं.” मला तिथेच रडू आलं, ते रागाने.

त्यांनी समजावलं ते असं. चीर पडली की आतला स्नायू आवळून बसतो. त्यामुळे तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. भरत नाही म्हणून दुखतं, दुखतं म्हणून स्नायू आणखी आवळतो. लिग्नोकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधाने नुसतं बधिर होतं, स्नायू सुटत नाही. त्यासाठी डिल्टियाझेम (२ टक्के), निफेडिपिन किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम लागतं. मूळची ही ब्लडप्रेशरची आणि हृदयाची औषधं.

वाटाण्याएवढं मलम, दिवसातून दोनदा, कडेला आणि किंचित आत. नंतर हात साबणाने धुवायचे. दुखणं दोन आठवड्यांत कमी होतं आणि तिथेच बहुतेक जण ट्यूब सोडतात. सोडू नका, जखम भरायला ६ ते ८ आठवडे लागतात. नायट्रोग्लिसरीनने डोकं फार दुखतं, चक्कर येते. पुरुष सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असतील तर हे मलम मुळीच चालत नाही. डिल्टियाझेमने डोकेदुखी कमी, पण कधी खाज सुटते. बाळ अंगावर पीत असेल तर आधीच सांगा. शौचानंतर टबात साध्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसा; त्यात डेटॉल, तुरटी काही नको. इसबगोल पेलाभर पाण्याबरोबरच घ्या, पाणी कमी पडलं तर उलट जास्त कडक होतं. भाजीपाला खा, कुंथू नका.

आणि पाणी प्या. हे सगळेच सांगतात, पण शाळेच्या शौचालयात पाणी नसेल तर आमच्यासारख्या बायका सकाळपासून घोटभरही पीत नाहीत, हे कोणी बघत नाही.

मलमाने सगळ्यांच्याच चिरा भरत नाहीत; साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश भरतात. माझी भरली. कातडी तशीच आहे, तिचा त्रास नाही. नाही भरली तर स्नायूला छोटा छेद देण्याचं ऑपरेशन असतं, त्याने ९० टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात. पण वायू-शौचावरचा ताबा थोडा सुटण्याचा धोका असतो, बाळंतपण झालेल्या बाईने तो नीट विचारून घ्यावा. आयुर्वेदातलं क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा बांधणं, हा खरा उपचार आहे, पण भगंदराचा. चीर मधोमध नसून बाजूला असेल, वजन घटत असेल किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच रक्त जात असेल, तर कोणत्याही मलमावर वेळ घालवू नका.

आता वाशीमलाही २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कुठेही गेलात तरी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणीविना ॲलोपॅथीची डॉक्टरकी करणं महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देता येते. मी दिली आहे, पोचही घेतली आहे. आणि बायांनो, तपासताना दार लावायला सांगा, बाई डॉक्टर किंवा नर्स जवळ असू द्या म्हणा. नाक मुरडलं तर तिथे तपासूनच घेऊ नका.