पावसाळा, काळी माती आणि वाहनांचे टायर

हिमवर्षाव होणाऱ्या प्रदेशांत हिवाळ्यासाठी निराळे टायर वापरतात. तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले तरी त्यांचे रबर मऊ राहून पकड ठेवते. उष्ण हवेत मात्र ते लवकर झिजते. धाराशिव जिल्ह्यात बर्फ नाही. परंतु पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली ओली काळी माती डांबरी सडक निसरडी करते. येथे नेहमीचेच टायर योग्य होत. मात्र पाणी बाहेर टाकणाऱ्या त्यांच्या खाचा झिजलेल्या नसाव्यात. मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर खोलीचा नियम आहे.

विद्यार्थ्यांची ने-आण करणाऱ्या वाहनांचे टायर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी मृगापूर्वीच तपासून घ्यावेत. ट्रॅक्टर सडकेवर आणण्यापूर्वी चाकांचा चिखल काढण्याची शिस्तही गावानेच लावावयास हवी.