न्वोये घर का सोडतो?
(मोठ्या गटासाठी वाचन-अभ्यास)



आपल्या मोठ्या गटातल्या बऱ्याच मुलांना हायस्कूलच्या इंग्रजीत चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी असते. तिच्यावरच्या निबंधात थीम, कॅरेक्टर आणि सिम्बॉल हे तीन शब्द यावेच लागतात. मराठीत थीमला आशयसूत्र म्हणतात, कॅरेक्टरला व्यक्तिरेखा आणि सिम्बॉलला प्रतीक. हे वहीत लिहून घ्या, कारण पुढे आम्ही हेच शब्द वापरणार आहोत. कादंबरी लहान आहे, 25 प्रकरणांची. पालकांनीही ती वाचावी अशी आमची आग्रहाची विनंती आहे. ज्यांनी अजून वाचलेली नाही त्यांना या लेखात शेवट कळेल, त्याला आमचा इलाज नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. अचेबे यांचा जन्म 1930 सालचा, नायजेरियातला. मातृभाषा इग्बो, वडील ख्रिस्ती मिशनचे शिक्षक. इबादानला विद्यापीठात शिकताना त्यांनी आफ्रिकेवर युरोपीय लेखकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचल्या. जॉइस कॅरी यांची ‘मिस्टर जॉन्सन’ वाचून, ही आपली माणसे नव्हेत, असे त्यांना वाटले. मग आपल्या माणसांची गोष्ट त्यांनी स्वतः लिहिली. ती 1958 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा नायजेरियावर इंग्रजांचे राज्य होते. स्वातंत्र्य मिळाले 1960 साली. अचेबे 2013 साली वारले.

आता प्रतीकांकडे वळू. मुलांच्या निबंधात हटकून एक वाक्य असते, ‘याम हे संपत्तीचे प्रतीक आहे’, आणि तिथेच विषय संपतो. (याम म्हणजे इथल्या दुकानात त्या नावाने मिळणारे रताळे नव्हे. आपल्या कोनफळाच्या कुळातला तो कंद आहे.) वाक्य चूक नाही, पण ते डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखे आहे, डबा उघडायचा राहूनच जातो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रोग्राम चुकला की एखादे व्हेरिएबल कुठे कुठे येते आणि दर ठिकाणी त्याची किंमत काय असते, हे आम्ही ओळीने लिहून काढतो. प्रतीकाचेही तसेच करून पाहा.

उदाहरणार्थ टोळ. सातव्या प्रकरणात उमुओफिया गावावर टोळधाड येते. आधी पाहणीला आल्यासारखे थोडे टोळ, मग आभाळ झाकून टाकणारा थवा, मग त्यांच्या भाराने मोडणाऱ्या फांद्या. पण गाव आनंदात असते, कारण टोळ भाजून, वाळवून खायचे असतात. ओकोंक्वो, त्याचा मुलगा न्वोये आणि घरात राहणारा इकेमेफुना हा मुलगा, तिघे टोळ खात बसलेले असताना गावातला एक म्हातारा येतो आणि इकेमेफुनाला मारायचे ठरल्याची बातमी ओकोंक्वोला बाजूला नेऊन सांगतो. पंधराव्या प्रकरणात टोळ पुन्हा येतात, पण नुसते बोलण्यात. शेजारच्या गावी सायकलवरून एक गोरा माणूस आलेला असतो, आणि तिथला देव कौल देतो की हा पुढे पाठवलेला हेर आहे, मागून येणारे गोरे म्हणजे टोळ आहेत. दोन्ही ठिकाणे शेजारी ठेवली की लक्षात येते, पहिल्या वेळी लोक टोळांचे स्वागत करत होते. गोऱ्यांच्या बाबतीतही पुढे तसेच होते. ते बाजारपेठ आणतात, पाम तेलाला चांगला भाव येतो आणि गावातल्या अनेकांना त्यात फायदा दिसतो. फांद्या मोडतात त्या नंतर.

दुसरे उदाहरण ‘अग्बाला’ या शब्दाचे, आमचे विशेष आवडते. इग्बोत याचा अर्थ बाई, आणि ज्याला गावात काही मानपद नाही असा पुरुषही. ओकोंक्वोचे वडील उनोका बासरी छान वाजवत, पण कायम कर्जात. लहानपणी एक सवंगडी त्यांना अग्बाला म्हणाला, ते ओकोंक्वोच्या मनात जन्मभर सलते. वडिलांसारखे व्हायचे नाही, दुबळे दिसायचे नाही, ही त्याच्या स्वभावाची किल्ली. आता गंमत पाहा. सगळे गाव ज्या डोंगरातल्या देवाला घाबरते, त्याचेही नाव अग्बालाच, आणि त्याची पुजारीण एक बाई आहे. ओकोंक्वोला ज्या शब्दाची लाज वाटते, त्यालाच तो देव म्हणून नमस्कार करतो. अचेबे कुठेही हे बोट दाखवून सांगत नाहीत.

आता शीर्षकातला प्रश्न. इकेमेफुना हा खुनाची भरपाई म्हणून दुसऱ्या गावाने दिलेला मुलगा. तो तीन वर्षे ओकोंक्वोच्या घरी राहतो, न्वोयेचा मोठा भाऊ होतो, ओकोंक्वोला बाबा म्हणू लागतो. बातमी आणणारा म्हातारा बजावून सांगतो की मारण्यात तुझा हात नको. तरीही रानात तो मुलगा मदतीसाठी धावत येतो तेव्हा ओकोंक्वो स्वतः कोयता चालवतो, लोक भित्रा म्हणतील म्हणून. घरी आल्यावर तो न्वोयेला काही सांगत नाही. न्वोयेला न सांगता कळते.

काही वर्षांनी ही माणसे ओकोंक्वोच्या आजोळी राहत असताना न्वोये मिशनऱ्यांकडे जातो. कळल्यावर वडील त्याची मानगूट धरतात, काठीने मारतात. तो निघून जातो तो कायमचा. याचे कारण विचारले की मुले लिहितात, बाप जुलमी होता. पालक म्हणतात, पोरगा बाहेरच्यांच्या नादी लागला. आमच्या मते दोघेही घाई करतात. मिशनऱ्यांचा धर्म न्वोयेला समजलेलाच नसतो. त्याला भिडते ते गाणे. त्याच्या मनात दोन गोष्टी ठसठसत असतात, एक इकेमेफुना, आणि दुसरी, एकदा शेतावरून परतताना रानातून ऐकलेले टाकून दिलेल्या जुळ्या बाळांचे रडणे. त्या समाजात जुळी अशुभ मानून रानात टाकत. हे का, असे विचारायला घरात जागा नव्हती. आईच्या गोष्टी त्याला आवडत, पण वडिलांसमोर त्या आवडत नसल्याचे सोंग करावे लागे.

आणि इथे तेरावे प्रकरण उघडावे. त्याच्या शेवटी ओकोंक्वोचा मित्र ओबिएरिका एकटाच विचार करत बसतो. त्याच्या बायकोलाही जुळी झाली होती, त्याने ती टाकली होती. त्या बाळांचा गुन्हा काय, हा प्रश्न त्यालाही पडतो. म्हणजे न्वोयेचा प्रश्न बाहेरून आलेला नव्हता, तो गावातल्या एका शहाण्या, मानाच्या माणसाच्या डोक्यात आधीच होता. फक्त त्याने तो पोराच्या कानी पडेल असा कधी उच्चारला नाही. प्रश्नाची दखल आधी घेतली ती परक्यांनी. आम्ही या कादंबरीचे आशयसूत्र इथे शोधतो. ‘जुने विरुद्ध नवे’ असे लिहून मार्क मिळतात, पण जुन्यातही विचार करणारी माणसे होती हे त्यात हरवते.

शेवटच्या परिच्छेदात नेमके तेच हरवलेले दिसते. ओकोंक्वोने गळफास घेतलेला असतो आणि इंग्रज अधिकारी मनात आपल्या पुस्तकाची जुळवाजुळव करतो. या माणसावर एक प्रकरण लिहिता येईल, निदान एक परिच्छेद तरी, असा त्याचा हिशेब. आपण 25 प्रकरणे वाचून आलेलो असतो.

भाषेविषयी थोडेसे. अचेबे यांनी इंग्रजीत लिहिले, पण काही इग्बो शब्द तसेच ठेवले. ‘ची’ हा त्यातला एक, माणसागणिक असणारा त्याचा स्वतःचा देव. नशीब म्हणावे तर माणसाच्या होकाराला तो होकार देतो, कुलदैवत म्हणावे तर तो एकट्याचाच. दैव थोडे जवळचे वाटते, पण पुरे नाही.

पुढच्या वर्गाला येताना मुलांनी अग्नी किंवा याम यांपैकी एक प्रतीक निवडून, ते कोणत्या प्रकरणात येते, कोणासमोर येते आणि नंतर काय घडते, अशा तीन रकान्यांची वही भरून आणावी. पालकांनी अचेबे यांची 1960 सालची ‘नो लाँगर अ‍ॅट ईझ’ मिळवून पाहावी. तिच्यात म्हातारा झालेला न्वोये आपल्या मुलाला इकेमेफुनाची हकिकत सांगतो. ते पान मुलांनी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ‘ची’ला सुचलेला मराठी शब्द दोघांनी मिळून वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा.