डोके खाली अडकते तेव्हा



मागच्या तिमाहीत मंडळीतून दवाखाना पाहायला आलेल्या एका आजींनी मला विचारले, "डॉक्टरबाई, पोट उघडल्यावर मूल काढण्यात अवघड ते काय असते?" त्या वेळी मी घाईत होते, हसून उत्तर टाळले. ते आज सविस्तर देते.

बहुतेक सिझेरियनमध्ये आजींचे म्हणणे खरेच असते. कळा फार पुढे गेलेल्या नसतात, डोके वर असते, पिशवीला छेद देऊन हात घातला की ते तळहातात येते. पण सातपुड्याच्या पाड्यांवरून आमच्याकडे येणारी बाई पुष्कळदा दीड-दोन दिवस कळा सोसून आलेली असते. आधी घरी दाईने वाट पाहिलेली, मग बांबूच्या झोळीतून डोंगर उतरून रस्त्यापर्यंत, तिथून जीप. तोवर पिशवीचे तोंड पूर्ण उघडलेले असते आणि प्रत्येक कळेने डोके कमरेच्या हाडांच्या घेरात पाचरीसारखे ठोकले गेलेले असते. कवटीची हाडे एकमेकांवर चढतात, टाळूवर सूज येते. पाणी केव्हाच वाहून गेल्याने पिशवी बाळाला घट्ट चिकटलेली असते. डोके आणि हाड यांच्यामध्ये बोट शिरायलाही जागा नसते. लहानपणापासून अर्धपोटी वाढलेल्या आणि कमी वयात लग्न झालेल्या मुलींचा हा घेर मुळातच अरुंद असू शकतो.

अशा वेळी वरून जोर लावणे हीच मोठी चूक, आणि ती मी केलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्री अशीच एक बाई आली. बाळाचे ठोके मंदावत होते, मी घाबरले होते. हात कसाबसा खाली सरकवला आणि पहारीने दगड उचकटावा तसे डोके उचकटले. बाळ निघाले, पण त्याच क्षणी छेद डाव्या बाजूने खाली फाटत गेल्याचे माझ्या हाताला कळले. पिशवीच्या दोन्ही कडांना मोठ्या रक्तवाहिन्या असतात, आणि पुढे मूत्राशय. दोन तास टाके घालत होते. बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास द्यावा लागला, मग ते रडले. आई वाचली, पण दोन आठवडे लघवीची नळी घेऊन खाटेवर होती. तिच्या नवऱ्याने जाताना माझे आभार मानले. ते मला फार जड गेले.

नंतर वरिष्ठांकडून शिकले ते असे. छेद देण्याआधी टेबलावरच खालून पुन्हा तपासायचे आणि डोके किती रुतले आहे ते सगळ्यांना मोठ्याने सांगायचे. आईचे पाय बेडकासारखे दुमडून बाजूला ठेवायचे, म्हणजे सिस्टरला खालून हात घालता येतो. पिशवीवरचा छेद नेहमीपेक्षा थोडा वर घ्यायचा, कारण खालचा भाग ताणून पातळ झालेला असतो. चुकून योनीमार्गातच छेद जाऊ शकतो. कळ चालू असेल तर थांबायचे. ते अर्धे-एक मिनिट युगासारखे वाटते, पण थांबायचे. भूल देणारे डॉक्टर पिशवी सैल पडण्याचे औषध देऊ शकतात.

मग सिस्टर खालून डोके वर ढकलते. दोन बोटांनी टोचायचे नाही, त्याने कवटीला इजा होते. बोटे पसरून, पूर्ण हाताने, सावकाश, बाळाची हनुवटी छातीकडे झुकेल असे.

त्यानेही डोके हलले नाही तर ते तिथेच राहू द्यायचे आणि वर पिशवीत हात घालून बाळाचे पाय शोधायचे. पायाळू बाळ जन्मते तसे आधी पाय, मग कंबर, खांदे, आणि शेवटी डोके आपोआप वर ओढले जाते. दुसरी रीत पटवर्धन पद्धत. डॉ. पटवर्धनांनी ती १९५७ साली आपल्या देशातील प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात मांडली: आधी एक खांदा, मग दुसरा, नंतर काखेत बोटे अडकवून धड, पाय आणि अखेरीस डोके. आपल्याकडे घडलेली ही रीत परदेशी पुस्तकांतही त्यांच्याच नावाने आहे, याचे मला कौतुक वाटते. मला स्वतःला पाय धरणे सोपे जाते. खालून ढकलण्यापेक्षा असे काढल्यास पिशवी कमी फाटते, असे तुलना करणाऱ्या अभ्यासांतही दिसले आहे.

गेल्या पावसाळ्यात एक पावरा मुलगी आली, पहिलटकरीण. नाला भरल्याने पाच तास अलीकडेच येता आले नव्हते. सिस्टरने खालून हात लावला आणि मान हलवली, डोके जागचे हलत नव्हते. मी वर हात फिरवला, टाच लागली. टाच आणि मनगट यांत घाईत गफलत होते म्हणून पुन्हा चाचपून पाहिले, टाचच होती. पाय धरून बाळ बाहेर आले. छेद जेवढा दिला तेवढाच राहिला. बाळाच्या पोटरीवर बोटांचे निळसर वण पाहून सासूने विचारले, "बाई, हे काय?" मी सांगितले, इथे धरून ओढले. तिने तो पाय बराच वेळ चोळला.

उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात राहेल एफ्राथच्या वाटेवर बाळंत होते आणि वाटेतच जाते. जवळ सुईण होती, नवरा होता, पण वाट लांब होती. हा अध्याय वाचताना मला आमचे घाट आठवतात. म्हणून ऑपरेशनच्या कौशल्याइतकाच भर आम्ही लवकर आणण्यावर देतो. नववा महिना लागला की लांबच्या पाड्यातील बाईने माहेरघरात येऊन राहावे, सोबत सासू आणि धाकटे मूल असले तरी चालेल, हे आमच्या आरोग्यसेविका घरोघरी सांगतात. आलेल्या बाईच्या कळांची नोंद कागदावर रेघ ओढून ठेवली जाते, म्हणजे प्रगती थांबली की डोके रुतायच्या आत कळते.

दर बुधवारी दुपारी सिस्टर आणि मी बाहुलीवर सराव करतो: ढकलणे, पाय शोधणे, खांदे काढणे. ती बाहुली तुमच्यापैकीच एका महिला मंडळाने शिवून दिलेली आहे. ओढून ओढून तिची मान आता उसवली आहे. दुसरी शिवणार असाल तर पाय थोडे मजबूत शिवावेत.